आंबा घाट, आंब्याची पेटी आणि बिडाची तबकडी

कोल्हापूरहून रत्नागिरीला येताना आंबा घाट उतरला की साखरप्याला गाड्या थांबतात. कुणी चहाला, कुणी नुसते पाय मोकळे करायला. तिथे एकदा पुढच्या चाकाशी वाकून वास घ्या. करपल्यासारखा, चुलीवर विसरलेल्या तव्यासारखा वास येतो. रिमच्या फटीतून आत डोकावलं तर एक चकचकीत लोखंडी ताट दिसतं. गॅरेजात त्याला ‘डिस्क’ म्हणतात, पुस्तकांत ‘रोटर’. आतली सात माणसं, टपावरची बोचकी, मागचे गुळाचे रवे हा सगळा भार पुढच्या दोन चाकांतल्या अशा दोन ताटांनी घाटभर धरून आणलेला असतो.

मी गेली पंधरा-सोळा वर्षं रत्नागिरीत व्हॅन चालवतोय. मार्च ते मे आंब्याच्या पेट्या, एरवी लग्नाची वऱ्हाडं, गणपतीत चाकरमानी. इंजिनाबद्दल लोक तासन् तास बोलतात, टायरबद्दलही बोलतात. या ताटांबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नाही. मला तर गाडीतली ही सगळ्यात मजेदार वस्तू वाटते.

तेवीस लिटर पाण्याला उकळी

एक हिशेब करून बघू. भरलेली छोटी व्हॅन दीड टनाची धरा. घाटात ती पाचशे मीटर खाली उतरली असं धरा. वेग न वाढवता उतरायचं तर तेवढ्या उंचीची ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. गणित मांडलं की आकडा येतो सुमारे ७३ लाख ज्यूल. एवढ्या उष्णतेवर साधारण २३ लिटर पाण्याला उकळी फुटते. म्हणजे न्हाणीघरातल्या चुलीवरचा मोठा हंडा!

आता पुढची गंमत. पुढच्या दोन्ही डिस्क मिळून दहा किलो बीड धरू. ही सगळी उष्णता त्यांच्यातच कोंडली असती, वारा लागलाच नसता, तर त्यांचं तापमान चौदाशे-पंधराशे अंशांनी चढलं असतं. बीड १२०० अंशांच्या आसपास वितळतं. म्हणजे साखरप्याला पोचेपर्यंत चाकातून रस गळायला हवा होता.

तसं होत नाही, कारण फिरती डिस्क वारा खात खात उष्णता सोडत असते. थोडा भार मागच्या चाकांचे ड्रम ब्रेक उचलतात, थोडा समोरचा वारा. आणि सगळ्यात मोठा वाटा इंजिन उचलू शकतं, आपण उचलू दिला तर. ज्या गियरात घाट चढाल त्याच गियरात उतरा, असं जुने चालक सांगायचे. खालच्या गियरात गाडी इंजिनाला ढकलत राहते, इंजिन तिला मागे ओढतं आणि डिस्कला उसंत मिळते.

काही जण पेट्रोल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रलला टाकतात. आजच्या इंजेक्शनवाल्या गाड्यांत हिशेब नेमका उलटा आहे. गियरात ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की इंजिन इंधन घेणंच बंद करतं, चाकंच त्याला फिरवत असतात. न्यूट्रलला टाकलं की ते चालू राहण्यासाठी पेट्रोल मागतं. म्हणजे पेट्रोलही गेलं आणि डिस्कही भाजली.

घावण्याचा तवा आणि ब्रेकची डिस्क, सख्खी भावंडं

कोकणात घावण्यासाठी बिडाचा तवा लागतो. का, तर तो तापायला वेळ घेतो, पण तापला की ऊब बराच वेळ धरून ठेवतो. डिस्कही त्याच बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची. त्यात तीन-चार टक्के कार्बन असतो आणि तो ग्राफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपात लोखंडात पसरलेला असतो. पेन्सिलीच्या शिसात असतं तेच ग्राफाइट. तुटलेल्या बिडाची कड राखाडी दिसते ती त्याच्यामुळे.

हे पापुद्रे दोन कामं करतात. एक, उष्णता भराभर वाहून नेतात. दुसरं काम मला जास्त आवडतं: ते थरथर गिळून टाकतात. देवळातली पितळी घंटा वाजवली की नाद किती वेळ घुमत राहतो! बिडाच्या वस्तूवर हातोडी मारा, ‘ठप्प’ आवाज येतो आणि संपतो. डिस्क घंटेसारखी घुमणाऱ्या धातूची केली असती, तर संध्याकाळी मारुती मंदिरच्या चौकात सिग्नलला थांबणाऱ्या गाड्यांचा कलकलाट ऐकवला नसता.

हे बीड ओतण्याच्या कामाचं मोठं घर आपल्या घाटावरच आहे. कोल्हापूरचं उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथल्या फाउंड्र्यांतून वाहनांचे ओतीव भाग देशभर जातात. साळोखे, पवार, मेस्त्री अशा आडनावांच्या कारागिरांनी शेतीच्या पंपांपासून सुरुवात केलेला हा धंदा. ऊस, गूळ, चप्पल यांच्या गर्दीत कोल्हापूरची ही ओळख मागे पडते, याचं मला वाईट वाटतं.

तव्यात आणि डिस्कमध्ये एकच फरक. तव्याला तेलाचा हात फिरवून ठेवता येतं. डिस्कला तेलाचा थेंबही चालत नाही. म्हणून तिचं दुखणं पावसात सुरू होतं.

एका रात्रीत केशरी

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्यात समुद्र दाराशी. मांडवी, मिरकरवाडा, भाट्ये इथे उभ्या केलेल्या गाडीवर सकाळी बोट फिरवलं तर जिभेला खारट लागतं. अशा हवेत नुसती एक रात्र पुरे. सकाळी डिस्क केशरी झालेली असते. नवीन गाडी घेतलेली माणसं घाबरून फोन करतात. घाबरू नका. तो गंज पातळ असतो, पहिल्या तीन-चार ब्रेकांत डिस्कला दोन्ही बाजूंनी आवळणारे पॅड तो खरवडून टाकतात. सकाळी ‘खर्र’ आवाज येतो तो त्याचाच.

खरा त्रास उभ्या गाडीला. आंब्याचा हंगाम संपला की बरेच जण व्हॅन पडवीला लावतात ती थेट गणपतीला काढतात. या दोन-अडीच महिन्यांत पॅड डिस्कला जिथे टेकलेला असतो तिथे ओल धरून राहते आणि पॅडच्या आकाराचा ठसा उमटतो. मग गाडी रस्त्यावर आली की चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला पॅडल हळूच टकटकतं. मागच्या ड्रमचीही तीच गत: हँडब्रेक ओढून ठेवला असेल तर आतून घासणारे लायनर ड्रमला चिकटतात आणि गाडी जागची हलत नाही. आमच्या आळीत म्हणून एक रीत पडलीय. पावसाळ्यात गाडी जास्त दिवस उभी राहणार असेल तर सपाट जागी लावायची, पहिल्या गियरात ठेवायची, चाकांना दोन्ही बाजूंनी जांभा दगड लावायचा आणि हँडब्रेक मोकळा सोडायचा. आठवड्यातून एकदा निदान बाजारापर्यंत फेरी मारून आणायची. डिस्कचं औषध म्हणजे ब्रेक दाबणं. वापरली की ती स्वतःला घासून स्वच्छ ठेवते.

मासळी वाहणाऱ्या व्हॅनचं प्रकरण त्याहून अवघड. बर्फ वितळून खारं पाणी तळातून झिरपतं आणि चाकांवर उडतं. अशा गाड्यांच्या डिस्कचा घासला जाणारा भाग आरशासारखा लखलखीत असतो, पण बाहेरची कड, हबला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाला, टेकणारी बैठक आणि दोन तबकड्यांमधले वाऱ्याचे बोळ आतून पोखरत जातात. बाजारातून आल्यावर चाकांवर साध्या पाण्याची नळी सोडावी. मात्र गाडी गार झाल्यावरच.

साखरप्याला दिसणारी एक सवय

घाट उतरल्यावर चाकातून वाफ येताना दिसली की कुणीतरी बाटली घेऊन धावतं आणि चाकावर पाणी ओततं. हेतू चांगला असतो, पण बिडाचा तापलेला तवा नळाखाली धरला तर काय होतं ते घरच्या बाईला विचारा. अचानक आकसल्याने बिडाला तडे जातात. बारीक तडे आधी डोळ्यांना दिसतही नाहीत. त्यापेक्षा पायथ्याला सपाट रस्ता लागला की दोन-तीन किलोमीटर ब्रेक न दाबता गाडी संथ चालू द्यावी, वारा आपलं काम करतो. मग थांबावं. थांबल्यावर पॅडलवर पाय दाबून बसू नये. तापलेल्या पॅडचा थर डिस्कवर एकाच जागी चिकटून राहतो आणि पुढे थरथर सुरू होते.

चांभाराने दिलेलं पहिलं लायनर

ऑगस्ट १८८८. बर्था बेंझ नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन, त्याने बनवलेली तीनचाकी मोटार घेऊन मानहाइमहून माहेरी फोर्झहाइमला निघाल्या. शंभरएक किलोमीटरचा प्रवास. उतारांवर लाकडी ब्रेक झिजून गेले. वाटेतल्या एका गावात त्यांनी चांभार गाठला आणि ब्रेकच्या ठोकळ्यांवर चामडं ठोकून घेतलं. जगातलं पहिलं ब्रेक लायनर म्हणून याचीच नोंद केली जाते. डोंगराळ वाटेवरच्या एका बाईला अडचण आली आणि तिने ती जागच्या जागी सोडवली, म्हणून ही गोष्ट मला फार जवळची वाटते.

नऊ वर्षांनी, १८९७ साली, इंग्लंडच्या डर्बीशर भागात हर्बर्ट फ्रूड नावाचा माणूस घरामागच्या खोपटात ब्रेकसाठी घर्षणाचं साहित्य बनवू लागला. तोही डोंगराळच मुलूख. स्वतःच्या आडनावातली अक्षरं उलटसुलट करून त्यात बायकोच्या, एलिझाबेथच्या, नावाचं पहिलं अक्षर घातलं आणि नाव तयार झालं: फेरोडो. आजही पॅडच्या खोक्यांवर हे नाव दिसतं.

डिस्क ब्रेकचं पेटंट १९०२ चं, बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टर यांचं. त्यांनी पॅडला तांबं लावलं होतं. धातूवर धातू घासला की काय कर्कश आवाज निघत असेल, कल्पना करा. कल्पना अचूक, साहित्य चुकीचं; त्यामुळे ती पन्नास वर्षं मागे पडली. १९५३ साली ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत जग्वारने डनलॉपचे डिस्क ब्रेक लावून गाड्या उतरवल्या. इतरांपेक्षा उशिरा ब्रेक दाबूनही त्या वळणावर वेळेत आवरायच्या. जग्वार जिंकली, आणि त्या शर्यतीत विजेत्याचा सरासरी वेग पहिल्यांदाच ताशी शंभर मैलांच्या वर गेला. दोन वर्षांनी सित्रोएन डीएस ही गाडी पुढे डिस्क लावून मोठ्या संख्येने बाजारात आली. थांबायची खात्री असली की माणूस वेगाने जातो!

आपल्याकडच्या व्हॅनचीही वंशावळ सांगायला हवी. ‘टेंपो’ हा शब्द आपण इतका मराठी केलाय की तो एका जर्मन कंपनीच्या गाड्यांचं नाव होता हे सांगितलं तर लोकांना खरं वाटत नाही. हॅम्बुर्गजवळच्या त्या कंपनीशी करार करून नवलमल फिरोदिया यांनी १९५८ साली बजाज टेंपो ही कंपनी उभी केली. आज तिचं नाव फोर्स मोटर्स. आकुर्डीच्या या कारखान्याच्या मॅटाडोरने कोकणातले रस्ते किती तुडवले याची मोजदाद नाही. १९८४ मध्ये मारुती व्हॅन आली, पुढे तिची ओम्नी झाली, २०१९ साली तिचं उत्पादन थांबलं. तोवर २०१० सालची ईको तिच्या जागी रुळली होती. पुढे डिस्क, मागे ड्रम, ही मांडणी आज छोट्या व्हॅनमध्ये दिसते ती काटकसरीपोटी आणि शहाणपणापोटीही: ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढे झुकतं आणि थांबवण्याचं सत्तर टक्क्यांच्या आसपास काम पुढच्याच चाकांना करावं लागतं.

केसाएवढा फरक

आता माझ्याच गाडीची गोष्ट. दोन वर्षांपूर्वी पुढच्या दोन्ही डिस्क नव्या टाकल्या होत्या. तीन महिन्यांत निवळी घाट उतरताना पॅडल पायाखाली फडफडायला लागलं. स्टेअरिंगही थरथरायचं. मला वाटलं, चाकांचं अलाइनमेंट गेलं. तेही करून आणलं. फरक शून्य.

शेवटी गाडी आमच्या नेहमीच्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी चाक काढलं, नट परत लावून डिस्क हबला घट्ट बसवली आणि डिस्कच्या तोंडाशी बारीक फरक मोजणारा डायल गेज टेकवला. मग डिस्क हाताने सावकाश फिरवली. काटा इकडून तिकडे गेला: बारा शतांश मिलिमीटर. मी म्हटलं, एवढंसंच? ते म्हणाले, “काका, पाच-सहाच्या पुढे गेला की पाय सांगायला लागतो.” माणसाचा केस साधारण सात शतांश मिलिमीटर जाड असतो. म्हणजे दीड-पावणेदोन केसांनी डिस्क हेलकावे खात होती, आणि चाक सेकंदाला आठ-दहा फेरे मारत असताना तो हेलकावा माझ्या तळपायापर्यंत पोचत होता.

डिस्क काढली तेव्हा कारण सापडलं. हबच्या बैठकीवर जुन्या गंजाची एक खपली होती, नखाएवढी. नवी डिस्क बसवणाऱ्याने ती घासून न काढता त्यावरच डिस्क चढवली होती. बैठकीवरची खपली लहान असली तरी कडेला पोचेपर्यंत तिचा तिरकेपणा दीडपटीहून जास्त होतो. छत्रीची दांडी जराशी कलली तरी कड किती झुकते, तसं. मिस्त्रींनी वायर ब्रशने हब चकचकीत होईपर्यंत घासला, फडक्याने पुसला, डिस्क परत चढवली. काटा चार शतांशांवर आला. थरथर थांबली. नवीन डिस्कचा खर्च वाचला, आणि मी त्या दिवसापासून डायल गेजच्या प्रेमात आहे.

‘डिस्क वाकली’ असं आपण पटकन म्हणतो. खरोखर वाकलेली डिस्क क्वचित सापडते. बहुतेक वेळा हबवरचा गंज असतो, नट कमीजास्त आवळलेले असतात किंवा पॅडचा थर कुठे जाड, कुठे पातळ बसलेला असतो. जाडीत दोन शतांश मिलिमीटरचा चढउतार झाला तरी पॅडल बोलायला लागतं.

डिस्क बदलताना गॅरेजात उभं राहून पाहण्यासारखं

मी नेहमी उभा राहून बघतो. मिस्त्रींना विचारत राहतो, तेही सांगत राहतात.

पहिली गोष्ट, जॅकवर नुसती गाडी ठेवून कुणी काम करत नाही. खाली स्टँड लागतो आणि मागच्या चाकांना दगड. मग चाक निघतं. पॅड धरून ठेवणाऱ्या कॅलिपरचे बोल्ट सुटले की तो हातात येतो, दोन-तीन किलोचा गोळा. त्याला ब्रेकच्या रबरी पाइपावर लोंबकळत सोडायचं नाही, पाइप आतून चिरतो आणि बाहेरून कळतही नाही. आमचे मिस्त्री त्याला सुंभाच्या दोरीने स्प्रिंगला बांधून ठेवतात. नारळाचा काथ्या आणि जपानी बनावटीचा कॅलिपर, हे चित्र मला फार आवडतं.

मग डिस्क. किनारपट्टीवरच्या गाडीत ती हबला अशी चिकटलेली असते की हाताने ओढून उपयोग नाही. बऱ्याच डिस्कवर आट्यांची दोन मोकळी भोकं असतात. ती कशासाठी, हे मला कित्येक वर्षं ठाऊक नव्हतं. त्यांत दोन बोल्ट घालून आलटून पालटून आवळत गेलं की बोल्टची टोकं हबला रेटतात आणि डिस्क आपोआप पुढे सरकते. हातोडीचा एकही घाव नको. ज्याने हे योजलं त्याला साष्टांग नमस्कार.

डिस्कच्या कडेला किंवा मधल्या टोपीवर बारीक अक्षरांत ‘मिन टीएच’ असं ओतलेलं किंवा कोरलेलं असतं आणि पुढे एक आकडा. ही कमीत कमी जाडी. छोट्या गाड्यांत नवी डिस्क आणि ही मर्यादा यांत बहुधा दोनएक मिलिमीटरचंच अंतर असतं. एवढ्याशा भांडवलावर डिस्क आयुष्य काढते. मोजताना फसायला होतं, कारण बाहेरच्या कडेला पॅड पोचत नाही आणि तिथे गंजाचा उंचवटा राहतो. व्हर्नियर त्या उंचवट्यावर धरला की जाडी जास्त दिसते. म्हणून मायक्रोमीटरने आतल्या बाजूला, चार-पाच ठिकाणी मोजायचं. मर्यादेच्या वर भरपूर बीड शिल्लक असेल आणि वर ओरखडे असतील तर लेथवर फेसिंग मारून घेता येतं. मर्यादेला टेकली असेल तर फेसिंगचा विषयच नको. पातळ डिस्क लवकर तापते, निळे डाग पडतात, तडा जातो.

एका बाजूची डिस्क गेली तरी दोन्ही बाजूंच्या बदलायच्या, पॅडही नवे. एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ राहिली तर ओल्या रस्त्यावर गाडी एका अंगाला ओढते. नवीन डिस्कवर गंज लागू नये म्हणून तेलाचा पातळ थर दिलेला असतो. तो ब्रेक क्लीनरने किंवा साबणाच्या पाण्याने धुऊन, कोरडा करून मगच बसवायचा. घाईत हे राहिलं तर पॅड तेल पितात आणि ते पॅड कायमचे वाया.

कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्या पिना हे कोकणातल्या गाड्यांचं नाजूक ठिकाण. रबरी टोपी फाटली की आत ओल शिरते, पिन अडकते, मग दोन पॅडपैकी एकच झिजत जातो. आतला पॅड कागदासारखा आणि बाहेरचा नवाकोरा, असं दिसलं की समजावं. ब्रेकसाठीचं खास ग्रीस मिळतं, तेच लावायचं. साध्या ग्रीसने रबर फुगतं.

नट आवळताना एकाआड एक, समोरासमोरचे. गोल गोल क्रमाने आवळले किंवा हवेच्या गनने दणादण ठोकले तर डिस्क असमान दाबली जाते आणि वर सांगितलेली थरथर परत पाहुणी येते.

आणि शेवटची, सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. नवे पॅड बसवताना कॅलिपरचा पिस्टन मागे ढकललेला असतो. गाडी खाली उतरवल्यावर पहिल्यांदा ब्रेक दाबला की पॅडल थेट तळाला जातं, ब्रेक लागतच नाही! म्हणून गाडी गियरात टाकण्याआधी उभ्या उभ्या पॅडल पाच-सहा वेळा पंप करायचं, घट्ट लागेपर्यंत. आमचे मिस्त्री हे झाल्याशिवाय चावी देत नाहीत.

ब्रेक ऑइलला तहान लागते

आपण ऑइल म्हणतो, पण ते खनिज तेल नाही. ग्लायकॉलचं द्रव आहे आणि ते हवेतली ओल पितं. नवं डॉट-३ चं द्रव २०५ अंशांना उकळतं. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी शिरलं की उकळबिंदू १४० वर येतो. डॉट-४ चे आकडे २३० आणि १५५. ज्या घाटात डिस्क भाजून निघते तिथे हा फरक जिवाचा आहे. कॅलिपरमध्ये द्रव उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडे दबतात, आणि पाय पॅडलसकट खाली जातो. थोडा वेळ थांबलं की ब्रेक परत येतो, म्हणून माणूस विसरून जातो. दर दोन वर्षांनी हे द्रव बदलावं, असा सर्वसाधारण दंडक आहे. आपल्या दमट हवेत तर तो चुकवूच नये. उघडी बाटली वर्षभर फळीवर ठेवून तीच वापरू नये; तिने तेवढ्यात आपला पावसाळा पिऊन घेतलेला असतो.

काही चिमूटभर गोष्टी

वेग दुप्पट झाला की थांबायला लागणारं अंतर चौपट होतं. चाळीसच्या वेगाला ब्रेक दाबून गाडी दहा मीटरांत थांबत असेल तर ऐंशीला चाळीस मीटर धरून चाला. नव्या रुंद रस्त्यांवर हे मनात ठेवा.

सायकलचा रिम ब्रेक हासुद्धा एक प्रकारे डिस्क ब्रेकच, रिमलाच डिस्क समजायचं. म्हणजे शाळेत असतानाच आपण सगळ्यांनी डिस्क ब्रेक वापरलाय.

पॅडच्या पाठीला एक लहानशी पत्र्याची जीभ असते. पॅड संपत आला की ती डिस्कला घासून किंचाळते. मुद्दाम ठेवलेला आवाज आहे तो. रेडिओ मोठा केला की तो बंद होत नाही.

ओहोळ ओलांडला किंवा चिपळूणच्या पुरात साचतं तसं रस्त्यावर पाणी साचलं असेल, तर पलीकडे गेल्यावर हळू चालत दोन-तीनदा पॅडल अलगद दाबा. पाण्याचा थर निघून जातो आणि पुढचा ब्रेक धोका देत नाही.

नव्या डिस्क-पॅडची सोयरीक जुळायला वेळ लागतो. मोकळ्या रस्त्यावर साठच्या वेगावरून वीसपर्यंत बेताने ब्रेक दाबायचा, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा, मध्ये वारा लागू देत. पॅडचा एक पातळ थर डिस्कवर सारखा बसतो आणि पकड येते. पहिल्याच दिवशी परशुराम घाट दाखवायला नेऊ नये.

फॉर्म्युला वनच्या गाड्यांच्या डिस्क बिडाच्या नसतात, कार्बनच्या असतात आणि हजार अंशांपर्यंत तापून निखाऱ्यासारख्या लाल होतात. गार असताना मात्र त्या नीट पकडत नाहीत. आपल्या बिडाला असला नखरा नाही, पहाटेच्या पहिल्या ब्रेकलाही ते हजर.

रत्नागिरी स्टेशनात थांबणाऱ्या नव्या एलएचबी डब्यांखाली वाकून पाहा. चाकाच्या आसावर दोन-दोन डिस्क बसवलेल्या दिसतील, ६४० मिलिमीटर व्यासाच्या. जुन्या डब्यांत लोखंडी ठोकळे थेट चाकावर दाबले जायचे. आणि याच कोकण रेल्वेने १९९९ पासून कोलाड ते वेर्णा असे भरलेले ट्रकच वाघिणींवर चढवून न्यायला सुरुवात केली. सगळे घाट त्या ट्रकांनी ब्रेक न दाबता पार केले.

जुन्या तबकड्या

माझ्या गाडीला नव्या डिस्क टाकल्या तेव्हा निघालेल्या दोन जुन्या डिस्क मी मागून घेतल्या होत्या. एक पडवीत लाकडांवरच्या ताडपत्रीवर ठेवलीय. पावसाचं वारं सुटलं तरी ताडपत्री हलत नाही. दुसरी भंगारवाल्याने नेली. तराजूत टाकण्याआधी त्याने तिच्यावर दगड मारून आवाज ऐकला, ‘ठप्प’, आणि बिडाच्या ढिगात फेकली, कारण बिडाचा भाव वेगळा. त्याचा ट्रक भरला की कोल्हापूरला जातो, फाउंड्रीच्या भट्टीकडे. मी विचारलं, कुठल्या रस्त्याने? तो म्हणाला, “आंबा घाटानं, दुसरा कुठला?”